तीनशे किलोचा पूल

"सर, आमची पौर्णिमा चढली तर हा पूल तुटेल का?"

प्रियदर्शनीने विचारलं आणि ती ताठ उभी राहिली, वक्तृत्व स्पर्धेत भाषण संपवून राहायची तशी. मागून शालूने तिच्या पाठीत बोट खुपसलं. म्हणजे शाब्बास! अकोल्याहून निघालेली शाळेची बस मूर्तिजापूरला पोचायच्या आतच पैज लागली होती. हिंमत असेल तर अमरावतीच्या कॉलेजात सरांना हेच विचारायचं, अगदी ह्याच शब्दांत, आणि विचारताना हसायचं नाही. ती हसली नाही. प्रयोगशाळेतल्या बाकी सगळ्या पोरी हसल्या.

सगळ्यात आधी हसली ती पौर्णिमा. अंगाने थोराड, नववीत सगळ्यात मागच्या बाकावर बसणारी पौर्णिमा नेहमीच आधी हसायची. "आपणच हसून घेतलं की दुसऱ्याले जास्त काही उरत नाई," असं तिने प्रियदर्शनीला एकदा सांगितलं होतं. तेव्हा दोघी एकाच बाकावर बसत. पाचवीत प्रियदर्शनीच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही, तेव्हा पौर्णिमाच तिचं मनगट धरून हात वर करायची आणि ओरडायची, "मॅडम, हिला येते! ही बोलत नाही फक्त." आता प्रियदर्शनी बोलत होती. दिवाळीआधी जिल्ह्यात वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळालं आणि शालूने तिला आपल्या बाकावर बोलावून घेतलं. शालूच्या बाकावर कुणीही उगाच बसत नसे.

"तुटायचं सोडा, साधा कुरकुरणारही नाही," अश्विन सर म्हणाले. तरुण सर होते, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि पोरींना हसवता येतंय याचा त्यांना मनापासून आनंद होत होता. "कोण ती पौर्णिमा? या, या पुढे!"

पूल म्हणजे दोन ठोकळ्यांवर आडवा टाकलेला लोखंडी अँगलचा सांगाडा, वर फळी. मध्यभागी खालून एक घड्याळासारखी तबकडी लावलेली. पूल केसभर जरी खाली दबला तरी तबकडीतला काटा सरकायचा. मागच्या फळ्यावर सरांनी '३०० किलो' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

पौर्णिमा चढली. काटा सर्रकन सरकला.

"हा बघा," सर म्हणाले, "पुलाचं स्वतःचं वजन, तो स्थिर भार. आणि जो चढतो, उतरतो, चालतो, तो चल भार. हा आपला चल भार!"

"चल भार!" शालू कुजबुजली आणि ते नाव हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

मग तुलनेसाठी सरांनी प्रियदर्शनीला चढवलं. काटा जेमतेम हलला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. काटा कमी हलण्यात तिचं काय कर्तृत्व होतं कोण जाणे, पण टाळ्या तिला गोड लागल्या.

"आता लक्ष द्या. दोघी उतरल्या. काटा कुठे आहे?"

"शून्यावर, सर."

"शून्यावर. पोलाद वाकलं, भार गेला, पुन्हा जागेवर आलं. जणू काही झालंच नाही. पण याला हद्द असते. हद्द ओलांडली की भार काढला तरी वाकलेलं ते वाकलेलं. मोडत नाही, आणि सरळही होत नाही. म्हणून आपण तीनशे लिहितो आणि दीडपट धरून बांधतो. माणसांवर भरवसा नसतो. आणि हो, उड्या मारायच्या नाहीत. उडी मारली की तोच भार दुप्पट, तिप्पट होतो."

पौर्णिमाने विचारलं, "सर, वाकल्यावर ते तुटत काहून नाई लगेच?"

पुन्हा हशा झाला, खरं तर हसण्यासारखं काहीच नव्हतं. हा प्रश्न तिला कुणी पैजेवर दिला नव्हता. घरी खराट्याच्या काड्यांचा पूल बांधून त्यावर दोन विटा ठेवणारी पोरगी ती. कॉलेजच्या उन्हाळी शिबिराला शाळेतून एकीचंच नाव जाणार, आणि ते पौर्णिमाचं, हे सोबत आलेल्या वानखडे मॅडमनी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. दिवाळीपासून ती मॅडमच्या मागे लागली होती. आजच्या दिवसाअखेर नाव द्यायचं होतं.

"चांगला प्रश्न आहे. नाश्त्यानंतर सांगतो," सर म्हणाले आणि त्यांचा फोन वाजला.

सर फोन घेऊन व्हरांड्यात गेले. मॅडम पोरींची रांग घेऊन कॅन्टीनकडे निघाल्या. शालूचा बाक मात्र रेंगाळला.

"चाल वं, सगळ्या एकदम," शालू म्हणाली.

"सर नाई म्हणले ना," कुणीतरी म्हणालं.

"चढाले कुठं नाई म्हणले? चल भार चढली तं चालते. आपण सगळ्या मिळून तिच्यापेक्षा किती असू?"

सगळ्या चढल्या. प्रियदर्शनी मध्ये, शालूचा हात धरून. एक, दोन, तीन म्हणाली ती प्रियदर्शनीच. तिचा आवाज सगळ्यांत खणखणीत ना. सगळ्यांच्या उडीसरशी पायाखालून एक आवाज आला, मोठा नाही, झोपेत कुणी कूस बदलताना कण्हावं तसा. पोरी खाली उतरल्या. काटा शून्यावर आला नाही.

शालूने खाली वाकून दोन्ही हातांनी पूल वर ढकलून पाहिला. काटा तिथेच. एकीला हसू आवरेना. प्रियदर्शनीने मान वळवली तेव्हा दारात पौर्णिमा उभी होती, हातात पाण्याची बाटली. ती दप्तर न्यायला परत आली होती. किती वेळची उभी होती ते तिने सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

अश्विन सर आले ते एकटे नव्हते. सोबत त्यांचे विभागप्रमुख होते, पांढऱ्या मिशांचे, कपाळाला आठ्या. त्यांनी आधी तबकडी पाहिली, मग वाकून पुलाच्या पोटाकडे पाहिलं.

"अश्विन, हे काय?"

"सर, मी फक्त पाच मिनिटं..."

"पोरींना एकटं सोडून?" विभागप्रमुखांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "शेवटी कोण चढलं होतं?"

कॅन्टीनमधून पोरींना बोलवायला परतलेल्या वानखडे मॅडमही दारात थबकल्या.

"सर, पौर्णिमा," शालू म्हणाली.

पौर्णिमा हसली. सवयच ती. पण हसू अर्ध्यावर आलं आणि पुढे कुठे जावं हे त्याला समजेना.

अश्विन सरांनी प्रियदर्शनीकडे बोट केलं. "तू सांग. तू स्पष्ट बोलतेस. काय झालं?"

प्रियदर्शनीने वेणीची रिबीन बोटाला गुंडाळली. सोडली. पुन्हा गुंडाळली. शालू तिच्याकडे बघत नव्हती, पण तिची टाच प्रियदर्शनीच्या बुटावर टेकली होती. मग आवाज आपोआप आला, स्वच्छ, पुस्तकी, बक्षीस मिळवणारा.

"सर, पौर्णिमा पुन्हा चढली होती. पोलाद एका हद्दीपर्यंत भार सोसतं आणि परत जागेवर येतं. ती हद्द ओलांडली गेली, म्हणून भार काढल्यावरही काटा शून्यावर आला नाही. ते मोडलं नाही, कारण पोलाद मोडण्याआधी वाकून इशारा देतं. म्हणजे ते चांगलं पोलाद आहे, सर."

विभागप्रमुखांच्या आठ्या उकलल्या.

"वा! कितवीत आहेस?"

"नववीत, सर."

"आमच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना हे असं सांगता येत नाही. शिबिराला हिचं नाव घ्या, अश्विन."

"सर, ते खरं तर पौर्णिमाचं..." मॅडम म्हणाल्या.

"कुणाचं?"

मॅडमनी वाकलेल्या पुलाकडे पाहिलं. "काही नाही, सर." मग पौर्णिमाजवळ जाऊन हळू, मायेनेच म्हणाल्या, "थोडं वजनाचं बघ बाई आता. सॉरी म्हण सरांना."

"सॉरी, सर," पौर्णिमा म्हणाली.

अश्विन सर कुणाकडे न बघता फळ्यापाशी गेले. त्यांनी डस्टर उचललं आणि '३०० किलो' पुसून टाकलं. खालच्या दोन रेघा आधी राहिल्या होत्या, मग त्याही पुसल्या. प्रियदर्शनीने ते पाहिलं. सरांनी वळून पाहिलं तेव्हा त्यांची आणि तिची नजर भेटली, आणि सर हसले, एका हुशार माणसाने दुसऱ्या हुशार माणसाकडे बघून हसावं तसे.

परतीच्या बसमध्ये शालूने टाळ्या पिटत गाणं लावलं, "चल भार, चल भार, मागं बस, टायर बसन!" पौर्णिमा खरंच मागे बसली होती, आणि शेजारची जागा तिने दप्तर ठेवून धरली होती. कुणासाठी ते दिसतच होतं. प्रियदर्शनी थोडा वेळ शालूजवळ बसली, मग बाटली घ्यायच्या निमित्ताने मागे गेली. पौर्णिमाने दप्तर मांडीवर घेतलं.

"बोर्डावर तीनशे लिव्हलं होतं," पौर्णिमा म्हणाली.

"हं?"

"तीनशे किलो. मी एकटी काई तीनशे नाई होत ना वं."

प्रियदर्शनीला वाटलं हा विनोद आहे. ती हसली. पौर्णिमा हसली नाही.

"सरनं पुसलं ते," प्रियदर्शनी म्हणाली.

"पाह्यलं मी. त्याइले माहीत हाय. तुलेबी माहीत हाय. मंग काहून बोल्ली तू?"

"मलेच विचारलं ना त्याइनं! काय सांगू मंग? आमी उड्या मारल्या म्हणू? शालू मले बाकावर बसू देईन का उद्या?"

पौर्णिमाने खरोखर विचार केला, गणित घातल्यासारखा. "नाई देणार," ती म्हणाली.

"तू मॅडमले सांगशीन?"

"सांगून काय होते? म्हणतीन, पुन्हा चढून दाखव."

बाहेर काळी रानं मागे पळत होती, कापूस वेचून झालेली, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. पौर्णिमा खिडकीकडे बघत म्हणाली, "तूच जाय शिबिराले. मी नाई जात आता. तिथं तो पूल असन."

प्रियदर्शनीला हायसं वाटलं. हायसं वाटलं याचं तिला थोडं नवलही वाटलं. मूर्तिजापूर मागे पडलं तसं ते नवलही मागे पडलं. पुढून शालूने हाक मारली आणि ती उठली. जाताना तिने वळून म्हटलं, "तू लय मोठ्या मनाची हायेस वं!" आणि मग आपण काय बोललो ते कळून तिला हसू फुटलं. तिने पौर्णिमाच्या हसण्याची वाट पाहिली. बसने एक गचका खाल्ला. पौर्णिमाने दप्तर उचललं आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवलं.

जठारपेठेतल्या घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. आईने, ज्योत्स्नाने, दप्तरातून डबा काढला आणि झाकण उघडलं.

"दशम्या तशाच आणल्या? पौर्णिमाच्या वाट्याच्या होत्या ना ह्या? तिले आवडते म्हणून मुद्दाम टाकल्या होत्या."

"तिनं नाई खाल्ल्या," प्रियदर्शनी म्हणाली. डबा दप्तरातून निघालाच नव्हता.

बाबा, प्रीतम, पोस्टातून येऊन चहा घेत बसले होते. "तुह्या मॅडमचा फोन आला होता. शिबिराले तुहं नाव लागलं म्हणे. पण ते पौर्णिमाचं लागणार होतं ना?"

"तिले नाई जायचं. तिनंच सांगतलं मले."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. तिने मनातल्या मनात तपासून पाहिलं.

"काहून?" आई म्हणाली. हातात झाकण तसंच होतं. "दिवाळीपासून त्याचाच तं जप करून राहिली होती पोट्टी. काई झालं का वं तिथं?"

प्रियदर्शनीने रिबीन बोटाला गुंडाळली. गुंडाळत गेली, बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत. मग एकदम सोडली, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि खोलीच्या मधोमध जाऊन ताठ उभी राहिली.

"आई, बाबा, आयका. मी ठरवलं. दहावी झाली का सायन्स, आन मंग सिव्हिल. मी इंजिनिअर होणार. मोठाले पूल बांधणार!"

"पाह्य वं ज्योत्स्ना!" बाबांनी कप खाली ठेवला. त्यांचे डोळे चमकत होते. "ह्या पोरीच्या तोंडातून शब्द निघत नव्हता, आठवते का?" मग तिची थट्टा करायला म्हणाले, "आन इंजिनिअर मॅडम, तुह्या हातचा पूल वाकला तं?"

आई अजून उत्तराची वाट बघत होती.

"वाकला तं आधी एकच विचारायचं," प्रियदर्शनी म्हणाली, आणि तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "शेवटी कोण चढलं होतं."