गाडीची अमावस्या

राजेश्रीने बॉनेट उघडून टेकू लावला आणि पदर कमरेला खोचला. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक’ व्हायचं आणि पुढे सामसूम. बॅटरी बदलून झाली, मागच्या महिन्यात सेल्फही नवा बसवला. तरी या जुन्या गाडीचा हेका कायम.

“भुजंग दुपारी येतो म्हणलाय,” ओट्यावरून सासरे मुंजाजी म्हणाले. भुजंग म्हणजे सेलूचा भंगारवाला. “किलोवर न्हेऊ दे. गाडी गेली की तूबी ती नोकरी पुरे कर.”

“दुपार व्हायला लय टाइम हाय, मामा.”

देवगाव फाट्यापलीकडच्या उपकेंद्रात ती नर्स होती, आणि तिकडे सकाळी सोयीची बस नव्हती. गाडी गेली तर घरात बसणं आलं, आणि ते तिला मुळीच नको होतं. तिचे वडील जिंतूर रस्त्यावर जीप चालवायचे. बिघाड शोधताना आधी हाताला लागतं ते तपासावं, हे ती त्यांच्याकडूनच शिकली होती.

तिने बॅटरीच्या वायरी हलवून पाहिल्या. एका वायरीची पकड बोटांनीच गरागरा फिरली. मेकॅनिकने ती पान्याने आवळली होती, तिच्यासमोर. आता त्या पकडीवर हळदीचा पिवळाधमक अंगठा उमटलेला होता.

राजेश्रीने वळून पाहिलं. सासू नर्मदाबाई दारात बसून उगाच सूप पाखडत होत्या. सुपात दाणा नव्हता.

“आत्याबाई, ही तुमी सोडली?”

“काल आवस हुती,” नर्मदाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. “आवसंला बैल जुंपत न्हाईत. सालगडी बी कामाला येत न्हाई. हीच तेवढी बारा महिने पळायली. दिसा तुला ड्युटी. म्हणून तू आल्यावर सोडती, पहाटं लावती परत.”

“हातानं?”

“मग? दावं काय पान्यानं बांधत्यात?”

राजेश्रीला खरं तर राग यायला हवा होता. दर महिन्याला या ढिल्या वायरीपायी तिने गल्लीभर गाडी ढकलली होती. पण तिला हसूच आवरेना, आणि म्हातारीची मायाही वाटली.

तिने पान्याने पकड घट्ट आवळली, आत बसून किल्ली फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली. मुंजाजी चपला न घालताच ओट्यावरून उतरले.

“काय झालतं गं?”

“वायर ढिली हुती. भुजंगला म्हणावं, येऊ नको.”

मुंजाजी पुटपुटत फोन आणायला आत गेले. नर्मदाबाई गाडीजवळ आल्या.

“मग आता आवसंला हिला सोडायचं न्हाई?”

“सोडायचं की. मी सोडीन, आवळीन बी मीच. त्या दिशी मी रजा टाकीन.” राजेश्रीने गाडी बंद केली. “बैलाला सुट्टी, गड्याला सुट्टी, गाडीला सुट्टी. तुमची कवा असती, आत्याबाई?”

“माझी? माझी कशापासून?”

“चुलीपासून. पुढच्या आवसंला आपण दोघी यष्टीनं चारठाण्याला जाऊ, देवळं बघायला. मामा करतील त्यांच्यापुरतं.”

नर्मदाबाईंना आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. बॉनेटवरची धूळ त्या पदराने पुसत राहिल्या. आतून मुंजाजींचा फोनवरचा आवाज येत होता. नर्मदाबाईंनी तिकडे एकदा पाहिलं आणि त्या सुनेच्या अगदी जवळ सरकल्या.

“ह्यांना तूच सांग.”