लुचियाच्या खानावळीत

प्रसेनजित जाऊन चौदा महिने झाले होते. इटलीत तो मातीचा अभ्यास करायला गेला होता. शेवटची परीक्षा तोंडावर आली असताना सायकलवरून येताना एका मोटारीनं त्याला उडवलं. आता विद्यापीठानं त्याची पदवी आईबापाच्या हाती द्यायचं ठरवलं आणि तिकिटं आसेगावला पाठवली.

"एका कागदासाठी इतक्या दूर कायले जाचं?" त्याची आई रुख्मिणी म्हणाली.

तिचा नवरा भिवाजी एवढंच बोलला, "त्यानं जे पाह्यलं ते आपुन एकदा पाहू."

थोरली लेक स्नेहा पुण्याला नोकरीत होती. इंग्रजी येतं म्हणून तीही सोबत निघाली.

समारंभ झाला, टाळ्या झाल्या. रुख्मिणी कोरड्या डोळ्यांनी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रसेनजितच्या मित्रांनी तिघांना डोंगरातल्या एका खेड्यात जेवायला नेलं. दर रविवारी तो तिथंच असायचा म्हणे.

खानावळ कसली, घरच ते. खाली आठ-दहा टेबलं, वर राहायच्या खोल्या. कुणी आजोबा नातीला भरवत होते, पोरं टेबलांखालून पळत होती. सत्तरीची मालकीण लुचिया ओले हात पुसत दाराशी आली, तिनं रुख्मिणीचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. मग जाड पाव आला, राजम्याचं दाट सूप आलं, घरी लाटलेला पास्ता आला. रुख्मिणी पावाचे नुसते तुकडे करत बसली.

लुचियाची सून इंग्रजीत सांगू लागली आणि स्नेहा आईला.

"आई, प्रसेन इथं भांडे घासत होता. त्याच्या बदल्यात जेवन."

फोनवर तर पोरगा रुख्मिणीला सांगायचा, शिष्यवृत्ती पुरून उरते.

"अन् एका रविवारी त्यानं सगळ्याइले पातोडीचा रस्सा करून घातला. इथं बेसन भेटते म्हने. पन पातोड्या रश्श्यातच विरघळल्या. तरी सगळ्याइनं ताटं पुसून खाल्ले."

रुख्मिणीनं चमचा खाली ठेवला. तो रविवार तिला ठाऊक होता. बुद्धजयंतीला येतो म्हणून सांगून पोरानं ऐनवेळी येणं रद्द केलं होतं आणि ती फुगून बसली होती. तेव्हाच त्याचा फोन आला, "आई, पातोडी फुटू नये म्हनून काय करतं तू?" ती म्हणाली होती, "खाची असन तं घरी ये." आणि फोन ठेवला होता. पुढचे नऊ दिवस तिनं त्याचा फोन उचलला नाही. दहाव्या दिवशी विद्यापीठातून फोन आला.

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता भरल्या खानावळीत सांगून टाकलं. "पीठ चांगलं घट्ट शिजवाचं, थंडं होऊ द्याचं, मंग कापाचं. इतकंच तं होतं. मी सांगतलं नाई त्याले."

भिवाजी तिच्याकडे वळला. "नऊ दिवस? तू तं मले म्हने, तो कामात हाय, त्याले त्रास देऊ नका."

"हो."

तो उठला आणि बाहेर निघून गेला.

स्नेहानं सुनेला आणि सुनेनं लुचियाला सगळं सांगितलं. म्हातारीनं रुख्मिणीला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि बेसनाचा डबा तिच्यापुढे उघडला. रुख्मिणीनं पदर खोचला. पीठ शिजवलं, थापलं, निवू दिलं. लसूण आणि सुक्या मिरच्या वाटून रस्सा केला. एकही पातोडी फुटली नाही. तेव्हा कुठं ती त्या परक्या चुलीपाशी मोठ्यानं रडली. लुचियाही रडली.

मग ताटली घेऊन रुख्मिणी बाहेर आली. भिवाजी अंगणाच्या दगडी कठड्यावर बसला होता. त्यानं एक घास घेतला आणि ताटली बाजूला ठेवली.

"फोन तं माह्याही खिशात व्हता," तो म्हणाला. "मी काहून नाई लावला?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, पण जरा सरकून जागा केली. ती बसली.