पाणी गळले

"सर, ही लघवी नाही. पाणी आहे." मावशींनी मोजपात्र खिडकीच्या उजेडात धरलं.

"आकडा सांगा, मावशी. रंग नकोय मला."

एकोणीस वर्षं मावशी प्रयोगशाळेतल्या उंदरांचं खाणंपिणं नि पिंजरे सांभाळत होत्या, तेही दरवर्षी नव्या करारावर. यंदाचा करार सरांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. सरांचा प्रयोग असा, की उंदरांची पित्तनळी बांधून यकृत आजारी पाडायचं आणि त्यापायी मूत्रपिंडं कशी ढेपाळतात ते बघायचं. रोजची लघवी मोजली, की अंदाज यायचा. ती घटत चालली होती, हळदीसारखी गडद होत होती. नव्या औषधाच्या रांगेतल्या सहा उंदरांची तेवढी परवापासून एकदम वाढली. सर हरखले होते.

"त्या रांगेला परवा नव्या बाटल्या मीच लावल्या," मावशी म्हणाल्या. "उलट्या धरून बघितल्या नाहीत, चुकलं माझं. थेंब थेंब गळतायत, पिंजऱ्याखालच्या लघवीच्या नरसाळ्यात पाणी मिसळतंय."

"कशावरून? औषध लागू पडलं असेल."

"लागू पडलं असतं तर पाणी साठून फुगलेली पोटं उतरली असती की! बघा तरी, कालच्यापेक्षा फुगलीत."

शेजारी उभ्या असलेल्या संशोधक पोरीनं पिंजऱ्यात डोकावून पाहिलं आणि मान खाली घातली.

"मावशी, तुम्ही डॉक्टर कधी झालात?" सर हसले, मग हसायचे थांबले. "परवा अहवाल जायचाय. वहीत आकडा लिहा नि सही करा. शेरा नको. करार माझ्याकडे आहे, लक्षात आहे ना?"

"न असायला काय झालं?" मावशींनी हात एप्रनला पुसले. "पण सर, ह्यांची पोटं आपण चिरली, आपणच शिवली. कुणी हूं की चूं केलं नाही. आता ते जे सांगतायत ते तरी खरं लिहू या. उद्या हे औषध एखाद्या माणसाला द्याल. त्याच्या उशाशी मावशी थोडीच असणार आहे?"

त्यांनी वहीत ठसठशीत लिहिलं, 'पाणी गळले. आकडा धरू नये.' खाली सही केली.

सरांनी पान फाडलं.

मावशींनी पुढच्या पानावर तेच लिहिलं. सरांनी तेही फाडलं.

"फाडा. वही शंभर पानी आहे," मावशी तिसऱ्या पानावर लिहीत म्हणाल्या, "आणि माझी पाळी चारपर्यंत."

सरांनी तिसरं पान फाडायला हात उचलला नाही, पण दारातून वळून म्हणाले, "सोमवारपासून येऊ नका."

"बरं."

पोरगी पुटपुटली, "मावशी, कशाला हो एवढं..."

"ह्याला धर जरा. नको, शेपटीला नको. पोट जड झालंय त्याचं."

मग त्यांनी स्वतःच उंदराला दोन्ही तळव्यांवर उचललं, कोरड्या पिंजऱ्यात हलकेच ठेवलं आणि शेजारच्या पिंजऱ्याचं झाकण उघडलं. अजून पाच राहिले होते.