'रेट्ट'चे पाच अर्थ

सकाळचे नऊ वाजले आणि सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलमधल्या आपल्या भाड्याच्या खोलीत देवांगने लॅपटॉप उघडला. नोकरी सुटून एकोणपन्नास दिवस झाले होते. अमेरिकेच्या व्हिसाच्या नियमाने साठाव्या दिवसापर्यंत दुसरी मिळाली नाही, तर रिकाम्या हातांनी भारतात परतायचं. आणि तिथे वाट पाहणारं आता कुणीच उरलं नव्हतं. आशा एकच होती. बर्गनच्या नैनाताई नॉर्वेत येणाऱ्या मराठी परिचारिकांसाठी भाषेचे वर्ग चालवत. त्यांना बर्गनला शिक्षक हवा होता. मात्र नॉर्वेजियनचा गंधही नसलेल्या कुणाला तरी, त्यांच्यादेखत, एक अनेकार्थी शब्द शिकवून दाखवायचा होता.

शिकायला वरच्या मजल्यावरच्या कांचनमावशी आल्या होत्या, निवृत्त डॉक्टर. लॅपटॉपच्या पडद्यावर नैनाताई निश्चल बसल्या होत्या.

देवांगने 'रेट्ट' निवडला होता. सिअ‍ॅटलच्या संध्याकाळच्या नॉर्वेजियन वर्गात चार वर्षं तो असे शब्द लहानपणच्या पाढ्यांसारखे पाठ करत आला होता, एका सुरात, किंचित डोलत. आताही त्याच सुरात तो म्हणून गेला: सरळ, बरोबर, हक्क, जेवणातला पदार्थ, न्यायालय.

"चौथा पुन्हा सांगा," नैनाताई म्हणाल्या.

चौथा आठवेना. तो पहिल्यापासून निघाला आणि तिसऱ्याशी अडकला. उरलेले अकरा दिवस डोळ्यांसमोर एकामागून एक विझत गेले.

"अरे, सतराचा पाढा म्हणतोयस का?" मावशी म्हणाल्या. "सतरा चोक विचारलं की मीही सतरा एकेपासूनच येते. ते सोड. समज, मी एका पेशंट बाईच्या कॉटपाशी उभी आहे. ती हा शब्द कधी वापरेल?"

देवांगने वही मिटली. थंड, काळ्या पाण्यात पाय टाकावा तसा तो बोलू लागला. ताट समोर आलं की ती विचारेल, आज कुठला 'रेट्ट'? औषध नको असेल तर म्हणेल, नाही म्हणायचा मला 'रेट्ट' आहे. उशी लावताना तुम्हीच तिला सांगाल, 'रेट्ट' बसा. मावशी विचारत गेल्या, तो चाचरत सांगत गेला. न्यायालय राहूनच गेलं.

नैनाताईंनी चष्मा काढला. "पासपोर्टची प्रत आजच पाठवा. नॉर्वेत कामाच्या परवान्याला काही महिने लागतील. तोवर भारतातून शिकवा."

त्याने मान डोलावली. पासपोर्ट काढायला तो कपाटापाशी गेला, खालचा खण उघडला, आणि पासपोर्ट हातात घेऊन तिथेच जमिनीवर बसला. नोकरी मिळाली होती, पण परतायचं तिथेच होतं, जिथे वाट पाहणारं कुणी नव्हतं. मावशींनी हळूच लॅपटॉप मिटला.