देवाची काहील

रसायनांचा धोका ओळखणारे तज्ज्ञ आपल्या देशात कमी आहेत, असा शोध लागला आणि कोल्हापुरातल्या एका मोठ्या हॉटेलात तीन दिवसांच्या कार्यशाळेत चाळीस तज्ज्ञ तयार करण्यात आले. त्यात आमच्या गावच्या आरोग्य केंद्रातली शांभवीही होती. ती गेली होती एका माणसापायी. तिच्या चुलत्याच्या गुऱ्हाळावर गूळ शिजवणारे गुळवे, जोतीरामतात्या. तात्यांनी कीर्तनात चाल धरली की देऊळ भरून यायचं. पण गूळ पिवळा दिसावा म्हणून उकळत्या रसाच्या काहिलीत हायड्रोस पावडर टाकायची तीही त्यांनीच, आणि वाफारा थेट नाकात. यंदाच्या सप्ताहात दुसऱ्या चरणालाच खोकल्यानं त्यांना खाली बसवलं.

कार्यशाळेचा पहिला दिवस सत्कारांत गेला, दुसरा धोक्याच्या व्याख्येत. तिसऱ्या दिवशी शांभवीनं पावडरीचं विचारलं, तर अध्यक्ष मायेनं म्हणाले, "प्रश्न जरा फारच स्थानिक आहे, मॅडम." मग पाहुण्यांना फेटे बांधून एकेक पिवळीधमक गुळाची भेली दिली. दिल्लीच्या पाहुण्यांनी ती हुंगली आणि किती नैसर्गिक म्हणून माना डोलावल्या. भेल्या तिच्या चुलत्याच्याच गुऱ्हाळावरच्या.

प्रमाणपत्रासकट ती तडक गुऱ्हाळावर आली.

"या तज्ज्ञबाई," चुलता गुरुसिद्ध म्हणाला. "काय शिकून आलासा?"

"पावडर बंद करा, काका."

"आणि काळा गूळ तुझं सरकार खानार व्हय? बाजारात कोन हुंगायचं न्हाय."

तेवढ्यात तात्यांनी नव्या काहिलीत रस ओतला आणि पावडरीचा डबा पायानं लांब सारला.

"ह्यात नाही घालायची?" शांभवीनं विचारलं.

"ती देवळाची काहील," गुरुसिद्ध म्हणाला. "सोमवारी कीर्तन हाय, प्रसादाला लागतोय. देवाच्या पोटात असलं घालत्यात व्हय?"

"देवाला नको, मग त्याचं नाव घेणाऱ्या गळ्याला कसं चालतं?"

 इतक्यात तात्यांना खोकल्याची ढास लागली ती थांबेना. ती थांबेपर्यंत गुरुसिद्ध काहिलीकडं बघत उभा राहिला. मग डबा उचलून बाहेर ठेवून आला.

"आजपासनं सगळ्याच काहिली देवाच्या. खपला न्हाय तर तुझ्या दवाखान्यात आनून रचतो."

"पर मालक," तात्यांनी घसा खाकरला, "म्होरल्या म्हयन्यात परत कार्यशाळा हाय. सत्काराच्या भेल्या?"

"पिवळ्या हायत की शिल्लक. तज्ज्ञ मानसं ती, सोसंल त्यास्नी."