जादा विमान

शुक्रवारी सकाळी दीपालीने लॅपटॉप उघडला तेव्हा तिला आधी वाटलं, सिस्टिमच बिघडली. नांदेड ते बेंगळुरू, शनिवार सकाळचं विमान. काल दुपारपर्यंत त्यातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि तिकीट बत्तीसशेला होतं. आता तेच तिकीट नऊ हजार चारशेला दिसत होतं, आणि खुर्च्या उरल्या होत्या सहा.

दीपाली एका लहानशा विमान कंपनीत तिकिटांचे भाव ठरवायचं काम करी. ऑफिस बेंगळुरूला, पण ती लातूरला आईपाशी राहून घरूनच काम करायची. विमानातल्या खुर्च्या सगळ्या सारख्याच, पण तिच्या स्क्रीनवर त्यांचे आठ-दहा भाव असत. खालच्या भावाच्या संपल्या की सिस्टिम आपोआप वरचा भाव उघडायची. कोणत्या भावाच्या किती ठेवायच्या, हे दीपाली ठरवायची. सण, लग्नसराई, सुट्ट्या, गेल्या वर्षीचे आकडे असं सगळं बघून ती अंदाज बांधायची. या शनिवारी मात्र सण नव्हता, लग्नाची तिथी नव्हती, शाळांना सुट्टी नव्हती.

"आई, नांदेडकडं काय चाललंय गं?" तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं. "एका रात्रीत अख्खं विमान भरलं."

कुसुमबाई चहाचा कप घेऊनच बाहेर आल्या. "म्हणजे तुला ठाऊकच न्हाई? काल तू निलंग्याला साखरपुड्यात, फोन पर्समध्ये. अगं, आपली ज्ञानी फायनलला गेली."

ज्ञानेश्वरी म्हणजे दीपालीची मावसबहीण, इस्लापूरच्या रुक्मिणमावशीची मुलगी. बेंगळुरूला महिलांची खो-खो स्पर्धा चालू होती आणि मराठवाड्याच्या संघात ती खेळत होती. संघातल्या साऱ्या पोरी नांदेड-लातूरकडच्याच. काल संध्याकाळी त्यांनी उपांत्य सामना मारला. फायनल रविवारी.

दीपालीने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. सामना संपल्याबरोबर दोन-दोन, तीन-तीन तिकिटं जायला लागली होती. कुणाचे आईबाप, कुणाचे मामा, कुणाचे शाळेचे सर. नावं तिला दिसत नव्हती, पण आकडे एकदम बोलायला लागले.

तेवढ्यात रुक्मिणमावशीचा फोन आला.

"दीपे, तुझ्या काकाचं डोकं फिरलं बघ. रेल्वेची वेटिंग संपली, खासगी बसवाले दुप्पट मागून राहिले. तर ह्यानं पहाटं विमानाचं एक तिकीट काढलं. नऊ हजाराच्या वर. माझ्या एकटीच्या नावानं. म्हणतो, तू जा, मी मोबाइलवर बघतो. अन् आता गोठ्यात जाऊन बसलाय. पोरीला खो शिकवला त्यानं, अन् बघायला मी जाऊ?"

"मावशी, थांब जरा..."

"भाव तुझ्याच हाती हाय ना? ह्याच्यापुरता कमी कर की."

"तसं करता येत नाही मावशी. माणूस बघून भाव लावला तर नोकरी जाईल, आणि जायलाच पाहिजे. आणि कमी केला तरी खुर्च्या सहाच. ज्याचं बोट आधी लागेल तो नेईल."

"बरं," एवढंच म्हणून मावशीने फोन ठेवला. ते 'बरं' दीपालीला फार लागलं.

कुसुमबाई सगळं ऐकत होत्या. "जत्रा असली की एसटी जादा गाडी सोडते," त्या म्हणाल्या. "तुमचं विमान काहून सुटत न्हाई?"

दीपाली हसली, आणि हसता हसता थांबली. तिने कोणतं विमान कधी कुठे असतं त्याचं वेळापत्रक उघडलं. शनिवारी दुपारी एक विमान बेंगळुरूला नुसतं उभं होतं.

तिने ताबडतोब संगमेश सरांना फोन लावला. ते तिचे वरिष्ठ. मूळ सीमेवरच्या भालकीचे, त्यामुळे मराठी बोलत, आणि नाही म्हणायचं असलं की कन्नडमध्ये म्हणत.

"बेडा, बेडा," ते ऐकून घेतल्यावर म्हणाले. "नको. विमान इथून नांदेडला रिकामं जाणार. त्या इंधनाचा खर्च कोण देईल? तुझ्या सहा खुर्च्या नऊ हजारांनी विकल्या जातायत. चांगलं चाललंय."

"सर, विकल्या गेलेल्या तिकिटांवरून नका बघू. कालपासून किती लोकांनी भाव बघितला आणि परत गेले, ते बघा." तिने आकडा पाठवला. सहाशेच्या वर लोकांनी शनिवारचं नांदेड-बेंगळुरू शोधलं होतं.

"बघणारे आणि घेणारे यात फरक असतो, दीपाली."

"असतो. म्हणून मी दुपारपर्यंत वेळ मागते. पण एक आधीच सांगते. त्या संघात माझी मावसबहीण आहे. तुम्हाला नंतर दुसरीकडून कळायला नको."

"मग आकडे दुप्पट पक्के आण," ते म्हणाले.

दीपालीला आता बसवेना. फोन कानाला लावून ती खोलीत येरझारा घालत होती. निलंग्याचे शिवमूर्ती सर, ज्यांनी संघातल्या चार पोरींना घडवलं, ते म्हणाले, "सकाळपासून सत्तरेक माणसांनी विचारलंय. मी दोन ट्रॅव्हल्स बघून राहिलो, पण रात्रभर बसून जायला म्हातारी माणसं तयार न्हाईत." विमानाला किती देतील, असं तिने विचारलं. "चार हजारापर्यंत लोक हसत देतील. पाच म्हटलं की घरी बसतील."

मग ती उलट्या बाजूच्या मागे लागली. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकून बेंगळुरूला नोकरी करणारी किती तरी पोरं शनिवार-रविवारी गावी येऊ बघतात. ती कधी येतात, किती भाव असला की येतात, हे तिच्या जुन्या आकड्यांत होतंच. अठराशेला तिकीट ठेवलं तर निम्मं विमान सहज भरलं असतं.

संगमेश सरांनी सगळं नीट वाचलं. "नांदेडला जाताना अठराशे आणि येताना एकोणचाळीसशे? एकच विमान, एकच आकाश."

"जाताना आपल्याला त्यांची गरज आहे, सर. येताना त्यांना आपली."

"येताना सहा हजार ठेव."

"सहा ठेवलं तर ते ट्रॅव्हल्समध्ये बसतील आणि आपण खुर्च्या मोजत बसू. एकोणचाळीसशेला भरलं तर दोन्ही बाजूंचा खर्च निघून वर उरतं. हिशोब खाली दिलाय."

त्यांनी हिशोब पुन्हा एकदा वरून खाली तपासला. मग म्हणाले, "परवानग्या मी बघतो. चुकलं तर दोघांनी उत्तर द्यायचं."

दुपारभर निरोप आला नाही. मावशीचा फोन मात्र दोनदा आला, आणि दोन्ही वेळा दीपालीने तो वाजू दिला. उचलला असता तर तोंडातून निघून गेलं असतं, आणि विक्री सगळ्यांना एकदमच उघडायला हवी होती. कुसुमबाईंचा फोनही तिने आपल्याकडे घेऊन ठेवला. "माझ्यावर भरवसा न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "अजिबात नाही," दीपाली म्हणाली.

शेवटी संगमेश सरांचा एका ओळीचा मेसेज आला. परवानगी मिळाली होती. तिने जादा विमान विक्रीला उघडलं.

पहिली वीस मिनिटं एकही खुर्ची हलली नाही. शिवमूर्ती सरांना सांगायला हरकत नव्हती, आता ते सगळ्यांसाठी उघडं होतं. तिने त्यांना कळवलं, मग मावशीला फोन केला.

"मावशी, काकांना गोठ्यातून बाहेर काढ. उद्या दुपारचं जादा विमान लागलंय. एकोणचाळीसशे."

"किती?"

"एकोणचाळीसशे. लवकर कर, मी कुणासाठी ठेवू शकत नाही."

फोन चालूच राहिला. मावशीच्या पळण्याचा आवाज आला, मग "अहो, अहो" अशी हाक, मग कुत्रं भुंकलं. स्क्रीनवर एक खुर्ची गेली. मग चार. मग एकदम अकरा. शिवमूर्ती सरांचा निरोप गावोगाव पोचला होता. कुसुमबाई चष्मा लावून मागे उभ्या राहिल्या आणि प्रत्येक आकडा मोठ्याने वाचू लागल्या, वर्गात हजेरी घ्यावी तशा. दिवेलागणीला विमान भरलं. बेंगळुरूहून येणाऱ्या बाजूलाही मोजक्याच खुर्च्या राहिल्या. संगमेश सरांनी फोन करून एकच शब्द म्हटला, "भारी."

शनिवारी सकाळी रुक्मिणबाई महागड्या तिकिटाने गेल्या आणि दुपारी काका, म्हणजे अर्जुनराव, स्वस्त तिकिटाने. नवराबायको आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले, तेही दोन वेगवेगळ्या विमानांत. काका उतरल्यावर मावशीने बेंगळुरूच्या विमानतळावरून फोन केला. "माझं नऊ हजाराचं अन् ह्याचं चार हजाराचं, तरी खिडकी ह्यालाच मिळाली," ती सांगत होती, आणि मागून काका काहीतरी सांगत हसत होते.

रविवारी दीपाली आणि कुसुमबाई मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून सामना बघायला बसल्या. समोर बेंगळुरूचाच संघ, पण प्रेक्षकांतली एक अख्खी बाजू मराठीत ओरडत होती. शेवटची पाळी मराठवाड्याच्या आक्रमणाची. बरोबरी झालेली, मिनिटभरही उरलं नव्हतं. बेंगळुरूची शेवटची पळणारी पोर खांबाकडे वळली. ज्ञानेश्वरीला खो मिळाला. ती उठली, तीन ढांगांत खांबाशी आली आणि अंग झोकून आडवी झाली. तिची बोटं त्या पोरीच्या टाचेला लागली आणि पंचांनी बाद दिलं.

कुसुमबाईंनी तांब्याच पाडला. मोबाइल पाण्यात उताणा पडला, तरी आवाज चालू होता. दीपालीने तो पदरानेच पुसला, आईच्या पदराने, आणि तेवढ्यात त्याच मोबाइलवर अर्जुनकाकांचा फोन आला. ते काही तरी सांगत होते, पण त्या गलक्यात एक शब्द कळत नव्हता. मग त्यांनी बोलणं सोडलं आणि फोन बहुधा मैदानाच्या दिशेने धरला. लातूरच्या त्या खोलीत शेकडो माणसांचा आवाज भरून राहिला. मायलेकी ओल्या फरशीवर बसून तो ऐकत राहिल्या.