एक रेघ, वाचता येईल अशी

नोंद: जुनी

“आधी चहा घे. मग काय वाईट बातमी आणलीयस ती सांग,” सर म्हणाले.

“वाईट कशावरून?”

“चांगली असती तर फोनवरच ओरडली असतीस.”

नोंदताईंनी कप तोंडाला लावला. कार्यालयात सगळे त्यांना नोंदताईच म्हणत. कोणतं प्रथिन कोणतं जनुक चालू करतं, कोणतं बंद, हे शोधनिबंधांतून शोधून ठरावीक शब्दांत नोंदवायचं, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. शब्द जगभर सारखे. शब्दामागे पुरावा हवा. नसेल तर शब्द गेला.

त्यांची पहिलीच नोंद सरांच्या प्रथिनाची होती: ‘डीएनएला स्वतः चिकटतं.’ सरांचा उभ्या आयुष्यातला तो एकच मोठा शोध. त्या निबंधाचं पहिलं पान सरांच्या घरी, इथेच समोरच्या भिंतीवर चौकटीत लावलेलं होतं.

पुरावा: आकृती चार

“सर, निबंधातल्या आकृती चारच्या प्रयोगात तुम्ही पेशींचा अख्खा रस वापरला होता.”

“मग काय सरबत वापरायचं होतं?”

“त्यात इतर प्रथिनंही होती. आता कुणीतरी आपलं प्रथिन एकटंच, शुद्ध करून पाहिलं. ते चिकटत नाही. शेजारचं चिकटतं, आपलं त्याला धरून उभं असतं. तीन आठवडे फाइल दाबून बसलेय, सर. आज संध्याकाळी दुरुस्त्यांची यादी बंद होते.”

सरांनी कप खणकन बशीत ठेवला.

“काय झालं गं?” काकूंनी आतून विचारलं.

“काही नाही,” सर ओरडले, “चाळीस वर्षं मी चुकत होतो!”

“चाळीसच?”

नोंदताईंना हसू आलं आणि डोळेही भरले.

बदल

“तुमचं नाव राहील, निबंध राहील. फक्त शब्द बदलेल. ‘साहाय्यक’.”

“काम तर करतं ना?”

“त्याच्याशिवाय जनुक चालूच होत नाही.”

“मग रडतेस कशाला? काढ ती चौकट.”

विद्यार्थिनी म्हणून प्रयोगशाळेत आल्या त्या पहिल्याच दिवशी वहीत खोडरबर वापरला म्हणून सरांनी नोंदताईंना फैलावर घेतलं होतं. चूक पुसायची नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. सही. तारीख.

काचेखालून पान निघालं. शीर्षकातल्या ‘स्वतः चिकटणारे’ या शब्दांवर सर रेघ ओढू लागले. रेघ वर गेली, खाली आली, कशीबशी पोचली. सही झाली, तारीख झाली.

“तपासलं म्हणून तूही कर.”

नोंदताईंनीही सही केली.

काकूंनी चौकट पुन्हा खिळ्याला अडकवली. सरांनी चष्मा पुसून खुर्चीतूनच पाहिलं.

“वाचता येतंय?”

“येतंय, सर.”

“मग राहू दे.”